हृदय कमजोर झाल्यावर बाबा गप्प झाले, गोळ्याही विसरतात: हे मनाचे की मेंदूचे?

प्रश्न : माझे बाबा ७२ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गोव्यात साखळी गावाजवळ आमचे घर. गेल्या पावसाळ्यात धाप लागून आणि पायांना सूज येऊन ते बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखल होते. हृदय ३० टक्केच काम करते, असे तेव्हा सांगितले. औषधांनी सूज उतरली, धाप कमी झाली, पण तेव्हापासून ते गप्पच आहेत. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला पुढे आले नाहीत, आरतीला घुमट हे वाद्य हातात घेतले नाही, भजनाला जाणे सोडले. गोळ्या घेतल्या की नाही ते आठवत नाही. एकदा लघवीची गोळी दोनदा घेतली. आई म्हणते वय झाले, भाऊ म्हणतो डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झाला. मनाच्या गोळ्या दिल्या तर हृदयाला धोका आहे का? शिवाय मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले तर बाबा दुखावतील. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. बाबांचे मन कशात लागत नाही, ही एक. त्यांच्या लक्षात राहत नाही, ही दुसरी. घरात दोन्ही एकाच वेळी दिसू लागल्या म्हणून त्या एकच वाटतात. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे बाबांसारखे हृदयाचे पंपिंग कमी पडलेल्या, रुग्णांत त्या बऱ्याचदा जोडीने येतात हे खरे, पण त्यांचे उपाय निराळे आहेत. उदासीवर उपचार करता येतात. विसरण्याचे कारण शोधावे लागते आणि ते सापडेपर्यंत घरातली व्यवस्था अशी बसवावी लागते की बाबांच्या स्मरणशक्तीवर काही अवलंबून राहणार नाही. वय झाले म्हणून सोडून देणे किंवा डिमेन्शिया म्हणून हात टेकणे, हे दोन्ही निष्कर्ष तपासणीनंतर काढायचे असतात. तुमच्या घरात ते तपासणीआधीच निघाले आहेत.

आधी त्या ३० टक्क्यांबद्दल बोलते, कारण या आकड्यानेच खचलेली माणसे मी पाहते. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधले इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडते, त्याचे प्रमाण. निरोगी माणसातही ते १०० टक्के नसते, साधारण ५५ ते ७० टक्के असते. म्हणजे ३० टक्के हे कमी आहेच, पण ‘माझे सत्तर टक्के हृदय संपले’ असा त्याचा अर्थ होत नाही. आजची औषधे नेमाने घेतल्यावर अनेकांचे पंपिंग सुधारतेही. बाबा शिक्षक होते. त्यांनी हा आकडा शंभरपैकी गुण वाचावेत तसा वाचला असण्याची मला दाट शंका आहे. कुणीतरी, शक्यतो त्यांच्या हृदयतज्ज्ञांनीच, त्यांना हे बसून समजावून सांगायला हवे.

आता उदासीकडे येऊ. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हार्ट फेल्युअरच्या सुमारे दर पाच रुग्णांत एकाला उपचार लागावेत इतके नैराश्य आढळले. आजार जितका पुढचा तितके हे प्रमाण वाढते. ज्यांना रोजच्या कामात काहीच त्रास नाही त्यांच्यात ते सुमारे ११ टक्के होते, तर बसल्या जागी धाप लागणाऱ्यांत ४० टक्क्यांच्या वर. हे नैराश्य नुसते मनाला सलत नाही. ते असलेल्या रुग्णांत मृत्यूचे आणि पुन्हा इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण जास्त असते. औषधे चुकतात, चालणे बंद होते, जेवण बिघडते, आणि शरीरातली दाह-प्रक्रिया व ताणाची संप्रेरके हृदयावरचा भार आणखी वाढवतात.

ओळखताना अडचण अशी की थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे, हालचाल संथ होणे ही लक्षणे दोन्ही आजारांत आहेत. म्हणून मी या चार गोष्टींवर फारशी भिस्त ठेवत नाही. मी विचारते ते वेगळे. पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का? ‘मी घरावर ओझे झालो’ असे मनात येते का? पुढे काही चांगले घडेल असे वाटते का? कमजोर हृदयामुळे माणूस माटोळीसाठी शिडीवर चढणार नाही, हे समजते. पण खुर्चीवर बसून ‘तो सुपारीचा घोस तिकडे बांध’ एवढेही न सांगणे, घुमटाकडे न पाहणे, हे पंपिंगने समजावता येत नाही. तुम्ही नेमके हेच लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

दवाखान्यात दोन प्रश्नांपासून सुरुवात करतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असे किती दिवस झाले? आणि मन खिन्न, निराश किती दिवस होते? उत्तरे काळजीची आली तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात, आणि १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी करायची. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. घरचे लोक तो विचारायला घाबरतात, विचारल्याने मनात नसलेला विचार येईल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. उलट, कुणीतरी विचारले याने माणूस मोकळा होतो. तुम्हीही विचारू शकता: ‘बाबा, जगण्याचा कंटाळा येतो का कधी?’

आता विसरण्याबद्दल, आणि इथे जरा थांबून लिहिते, कारण याकडे फारच कमी लक्ष जाते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीत हृदयातून निघणाऱ्या रक्तातले सुमारे १५ टक्के तो एकटा घेतो. पंप कमी पडला की मेंदूचा पुरवठाही घटतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर बारीक गुठळ्या मेंदूत जाऊ शकतात. जोडीला जुना रक्तदाब आणि मधुमेह असतो. त्यामुळे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी पाव ते निम्म्या लोकांत, कशाने मोजतो त्यानुसार, लक्ष, स्मरण, विचारांचा वेग आणि नियोजन यांत घट सापडते. बहुतेकांत ती सौम्य असते. गप्पांत, ओळखी-पाळखीत ती कळतही नाही. कळते ती गोळ्यांच्या डब्याशी.

नियोजनातली घट कशी दिसते ते सांगते. रुग्णाला पायाची सूज दिसते. विचारले तर ‘हो, सूज आहे’ असे तो म्हणतो. पण ही कालच्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे अंगात पाणी साठतेय, म्हणजे आजच डॉक्टरांना फोन केला पाहिजे, ही साखळी त्याच्या मनात जुळत नाही. डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत सांगितलेल्या दहा सूचना त्याने मान डोलावून ऐकल्या, पण त्या आत साठल्याच नाहीत. मग घरात ‘ऐकतच नाहीत’, ‘हट्टी झालेत’ असे सुरू होते. त्या बोलण्याने उदासी वाढते, उदासीने लक्ष आणखी उडते. नैराश्य स्वतःच एकाग्रता आणि स्मरण बिघडवते, त्यामुळे बाबांच्या विसरण्यातला काही भाग मनाचा असू शकतो आणि मन सावरल्यावर तो भरून निघू शकतो. किती, ते आज कुणीही सांगू शकणार नाही. म्हणूनच तुमच्या भावाचा ‘डिमेन्शिया’ मी आत्ता मान्य करत नाही आणि नाकारतही नाही.

काही खुणा मदत करतात, पण त्यांवरून घरी निदान करू नका. उदास माणूस ‘माहीत नाही, सोड’ म्हणून प्रयत्नच सोडतो आणि स्वतःच्या विसरण्याबद्दल बोलतो. स्मृतिभ्रंशात माणूस उत्तर देतो, ते चुकते, आणि चुकल्याची खंत त्याला फारशी नसते. तिसरीही एक अवस्था असते: दुःख नाही, रडू नाही, अपराधी वाटत नाही, फक्त पुढाकार संपलेला. कुणी उठवले तर उठतात, जेवायला घातले तर जेवतात. मेंदूच्या पुरवठ्यात बारीक बिघाड झाल्यावर अशी उदासीनता दिसते, आणि ती नैराश्याच्या औषधांना फारशी दाद देत नाही.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. तास-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, दिवस-रात्र कळेना, असंबद्ध बोलू लागला, किंवा एरवी बोलणारा अचानक गुंगीत राहू लागला, तर ते नैराश्यही नाही आणि डिमेन्शियाही नाही. सोडियम घसरणे, जंतुसंसर्ग, ऑक्सिजन कमी पडणे, लघवी तुंबणे, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध जास्त होणे, अशी कारणे त्यामागे असतात. त्याच दिवशी इस्पितळात न्यायचे, १०८ बोलवायची.

शरीरातली कारणे तपासण्यासाठी पुढच्या भेटीत रक्तातले सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-१२ पाहायला सांगा. हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत लोह कमी असते आणि थकव्यात त्याचा वाटा मोठा असतो. ठोके नियमित ठेवणारे अमिओडॅरोन हे औषध चालू असेल तर थायरॉइड बिघडू शकते आणि तो बिघाड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे, दिवसा पेंगणे असेल तर आईला विचारून डॉक्टरांना सांगा. झोपेतले श्वासाचे विकार या रुग्णांत फार आढळतात आणि सकाळचे मन व स्मरण दोन्ही मंद करतात. बाबा रोज फेणी किंवा इतर दारू घेत असतील तर तेही लपवू नका. दारूने आणि लघवीच्या गोळ्यांनीही शरीरातले बी-१ जीवनसत्त्व कमी होते, आणि त्याची कमतरता हृदय व स्मरणशक्ती दोघांना भोवते. कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस भजनाला जाणे सोडतो, आणि घरचे म्हणतात मन लागत नाही.

औषधांची पिशवी पूर्ण घेऊन जा, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामाइन आणि झोपेसाठी घेतलेले अल्प्राझोलाम म्हाताऱ्या माणसाचे डोके जड करतात, पडण्याचा धोका वाढवतात. अंगदुखीसाठी फार्मसीतून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने शरीरात पाणी साठते. काही घरांत सगळा दोष मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या हृदयाच्या गोळ्यांवर टाकून ती गोळी परस्पर बंद करतात. कृपा करून तसे करू नका. या गटातल्या औषधांनी थकवा येतो, काहींना विचित्र स्वप्ने पडतात, पण त्यांनी नैराश्य येते ही जुनी समजूत मोठ्या तपासणीत टिकलेली नाही. ती गोळी बाबांचे आयुष्य वाढवते.

मनाच्या गोळ्यांबद्दल तुम्ही थेट विचारलेत, तर थेट सांगते. सर्ट्रालिन हे औषध हार्ट फेल्युअरच्या ४६९ रुग्णांत १२ आठवडे तपासले गेले, २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. हृदयाला ते सुरक्षित ठरले. पण नैराश्य कमी करण्यात ते औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्या अभ्यासात दोन्ही गटांना परिचारिकेची साथ होती आणि दोन्ही गट सुधारले, हे लक्षात घ्या. जर्मनीत एसिटालोप्राम या नैराश्याच्या दुसऱ्या औषधावर झालेला लांब पल्ल्याचा अभ्यास २०१६ साली आला. त्यातही ना मृत्यू कमी झाले, ना नैराश्यात ठळक फरक पडला. याउलट विचार आणि वागणूक बदलणाऱ्या समुपदेशनाने, म्हणजे सीबीटीने, २०१५ च्या एका चाचणीत या रुग्णांचे नैराश्य नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाले. मात्र औषध-पथ्याची शिस्त त्याने सुधारली नाही. मन सावरले म्हणून गोळ्या आपोआप वेळेवर घेतल्या जातील असे नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते, हे त्यातून उघड दिसते.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी बोलणे, चालणे, दिवसाला आकार देणे. पूर्वी कधी नैराश्य येऊन औषधाने बरे झालेले असेल, खाणे-पिणे सुटले असेल, मरणाचे विचार असतील, किंवा काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर गोळी. त्यात बहुधा सर्ट्रालिन, कमी मात्रेने सुरुवात करून. एसिटालोप्राम, सिटालोप्राम देताना ईसीजी पाहावा लागतो. अमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्याची जुनी औषधे या हृदयाला नकोत. लघवीच्या गोळीसोबत मनाची गोळी चालू झाली की सोडियम उतरू शकते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत रक्त तपासायचे. रक्त पातळ करणारे औषध असेल तर ते आधीच सांगायचे. आणि ही गोळी कधीही एकदम बंद करायची नाही.

बोलण्याच्या उपचारासाठी मोठ्या शहरातच जावे लागते असे नाही. गोव्यातल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने एक चाचणी केली, ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. ते हृदयरुग्ण नव्हते आणि बाबांपेक्षा तरुण होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण पद्धत बाबांना चालेल अशी आहे. मन लागेल तेव्हा कामाला लागू, असे म्हणून वाट पाहायची नाही. छोटे, ठरलेले काम आधी करायचे, मन मागून येते.

बाबांसाठी तसे काम शोधा. शिक्षक होते, तर शेजारच्या मुलांचे पाढे संध्याकाळी अर्धा तास ऐकू देत. भजनाला उभे राहणे जमणार नाही तर टाळ घेऊन बसू देत, आणि मंडळातल्या कुणा जुन्या सोबत्याला त्यांना घ्यायला घरी यायला सांगा. तुमच्या आग्रहापेक्षा त्याचे ‘चल रे’ जास्त कामाला येईल. हृदयतज्ज्ञांची परवानगी घेऊन रोज सपाटीवर थोडे चालणे सुरू करा. दोन हजारांवर रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत नियमित व्यायामाने हार्ट फेल्युअरमधली उदासी थोडी पण खात्रीने कमी झाली. पावसात बाहेर पडता आले नाही तर घराच्या सोप्यावर (ओसरीवर) फेऱ्या मारता येतात.

गोळ्यांची जबाबदारी आजपासून बाबांकडून काढा, पण त्यांचा मान राखून. आठवड्याचा सकाळ-संध्याकाळचे खण असलेला डबा फार्मसीत मिळतो. तो रविवारी बाबांनी आणि तुम्ही एकत्र बसून भरायचा. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली, भरलेला म्हणजे राहिली. आठवण्याचा प्रश्नच उरत नाही आणि दोनदा घेणे टळते. जुन्या स्ट्रिप्स घरातून काढून टाका. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या कपाटात असल्या की दोन्ही घेतल्या जातात. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढले तर डॉक्टरांना फोन, सूज दिसो वा न दिसो. हा आकडा चौकटीतच वर लिहून ठेवा. बाबांना सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि ‘आता तुम्ही मला सांगा’ असे म्हणून त्यांच्या तोंडून ऐकून घ्या.

गोळी चुकण्यामागे विसरणे सोडून दुसरे कारणही असते, तेही विचारा. पणजीला किंवा बांबोळीला बसने जायचे असले की वाटेत लघवी लागेल म्हणून त्या दिवशीची गोळी मुद्दाम टाळणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. त्यांची स्मरणशक्ती उत्तम असते. अशा दिवशी गोळी उशिरा घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारले की प्रश्न सुटतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात, ती चांगलीच. पण तिच्यासोबतचे खारे (खारवलेले मासे), मिस्कूट (कैरीचे लोणचे), सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीचे तोंडीलावणे) आणि पापड यांतून दिवसाचे मीठ तिथेच संपते. ज्याचे जेवणावरून मन उडालेय त्याची चव एकदम काढून घेतली तर तो जेवणारच नाही. कोकम, लिंबू, आले, कोथिंबीर, मिरी यांवर चव आणा आणि मीठ हळूहळू उतरवा.

आईचीही चौकशी करा. रात्री बाबांचा श्वास ऐकत जागणारी, दिवसभर पथ्य सांभाळणारी बायको स्वतः खचलेली असते आणि ‘वय झाले’ म्हणून गप्प बसते. आठवड्यातली एक दुपार तिची असू द्या. त्या वेळी भाऊ बाबांजवळ बसेल.

स्मरणशक्तीची चाचणी, म्हणजे तीन शब्द लक्षात ठेवून घड्याळाचे चित्र काढायची छोटी किंवा मराठीतही असलेली मोका ही सविस्तर, अशी वेळ निवडून करा की प्रकृती काही आठवडे स्थिर आहे. इस्पितळातून सुटताना केलेली चाचणी हमखास वाईट येते. उदासीवर उपचार सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा करा. तेव्हा गुण वाढले तर भावाला उत्तर मिळेल. नाही वाढले, किंवा घटले, तर मेंदूचा स्कॅन आणि पुढची तपासणी बांबोळीलाच होईल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाबांना सांगायचे कसे. ‘तुमच्या डोक्यात बिघाड आहे’ असे घरात कुणी म्हणू नये, भावानेही नाही. हृदयतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीआधी तुम्ही त्यांना बाबांबद्दल चार ओळी लिहून द्या: काय सोडले, कधीपासून, गोळ्या किती वेळा चुकल्या, झोप कशी आहे. मग मनाची तपासणी हा हृदयाच्या उपचारांचाच भाग म्हणून त्यांनीच सुचवू दे. डॉक्टरांच्या तोंडून आलेले बाबांच्या पिढीला मानवते. गोमेकॉत दाखवत असाल तर आयपीएचबी ही मानसोपचार संस्थाही बांबोळीतच आहे, एका फेरीत दोन्ही कामे होतात. घरी बोलायचे असेल तर म्हणा, ‘बाबा, हृदयाच्या आजारात मनही थकते, असे डॉक्टर सांगतात. त्यावरही औषध आहे. आपण दोघे जाऊन विचारून येऊ.’ नाहीच ऐकले तर आधी तुम्ही एकट्या १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोला, घरच्यांनाही तिथे सल्ला मिळतो. मात्र बाबा मरणाबद्दल बोलू लागले, गोळ्या साठवताना दिसले किंवा त्यांनी जेवण-पाणीच सोडले, तर त्यांच्या होकारासाठी थांबू नका. त्याच दिवशी त्यांना घेऊन या, आणि तोवर त्यांना एकटे ठेवू नका.